विजेचा बोरू

डिजिटल चित्रकाराच्या टेबलावरचा वॅकॉमचा पेन पहिल्यांदा हातात घेतला की तो पोकळ असावा असेच वाटते. त्यात शाई नसते, सेल नसतो, चार्जिंगचे भोक नसते आणि वायर तर नसतेच. आत असते ते एवढेच: तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे वेटोळे, एक कपॅसिटर, टोकावरचा दाब जाणणारा चिमुकला भाग आणि बाजूच्या बटणांची थोडी जोडणी. तरी हा पेन टॅबलेटला टेकण्याआधीच, साधारण सेंटिमीटरभर वर असताना, आपला ठावठिकाणा कळवू लागतो. टेकला की किती जोराने टेकला, कोणत्या बाजूला आणि किती कलला, तेही कळवतो. हे सगळे सेकंदाला शंभराहून अधिक वेळा चालते. किती बारीक हालचाल टिपली जाते याचे माप कंपनी व्यावसायिक टॅबलेटांसाठी देते ते इंचाला ५०८० रेषा, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण याच्या दहापटीहून जाड असतो.

हे यंत्र आज चार-पाच हजार रुपयांतही मिळते आणि लाखाच्या पलीकडेही जाते. दुकानात त्याच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो: दाबाच्या ८१९२ पातळ्या. अलीकडे काही खोक्यांवर १६,३८४ असतो. नवशिका डिझायनर या आकड्याकडे पाहून पेन निवडतो, आणि माझ्या मते नेमका हाच आकडा निवडीसाठी सगळ्यात कमी कामाचा आहे. हाताकडून पेन पाच गोष्टी घेऊ शकतो: जागा, दाब, कल, स्वतःभोवतीचे वळण आणि वेळ. आपल्या कामाला यांतली कोणती लागते हे ठरवले की निवड बरीचशी झालेली असते. त्यासाठी हा पेन हाताची हालचाल टिपतो कशी, ते आधी पाहायला हवे.

हाताची हालचाल विजेने टिपण्याची कल्पना कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. एलिशा ग्रे या अमेरिकन संशोधकाचे नाव टेलिफोनच्या इतिहासात हळहळीसह घेतले जाते. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचा अर्ज पेटंट कचेरीत दाखल झाला, त्याच दिवशी ग्रेचीही टेलिफोनविषयीची नोंद तिथे पोहोचली, आणि शोध बेलच्या नावावर गेला. याच ग्रेने १८८८ साली ‘टेलऑटोग्राफ’चे पेटंट घेतले. एका टोकाला माणूस लिही, त्याच्या पेनाची हालचाल दोन दिशांत विभागून तारेवरून जाई आणि दूरच्या टोकाला दुसरा पेन तसेच्या तसे अक्षर उमटवी. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी हे यंत्र पाहिले. पुढे बँका, रेल्वे स्थानके, हॉस्पिटले यांत ते कित्येक वर्षे चालले. हस्ताक्षराचे क्ष आणि य असे दोन प्रवाह करता येतात, ही आजच्या प्रत्येक टॅबलेटच्या मुळाशी असलेली गोष्ट त्यात होती.

कॉम्प्युटर आल्यावर पेनाने वेगळेच रूप घेतले. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ हा प्रोग्राम सादर केला. तो लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या अवाढव्य कॉम्प्युटरवर चाले आणि त्यासाठी वापरला जाई तो प्रकाशपेन. हा पेन लिहीत नसे, पाहत असे. त्याच्या टोकाशी प्रकाश ओळखणारा घटक होता. पडद्यावरचे ठिपके यंत्र एकामागून एक उजळवी. पेनासमोरचा ठिपका उजळला की पेन खूण करी, आणि त्या क्षणी आपण कोणता ठिपका उजळला होता हे यंत्राला ठाऊक असल्याने पेनाची जागा कळे. स्केचपॅडमध्ये हाताने वेड्यावाकड्या रेघा ओढून ‘या समांतर कर’, ‘या काटकोनात आण’ असे सांगता येई. आज डिझायनर ज्याला ग्राफिक सॉफ्टवेअर म्हणतात त्याचा उगम इथे आहे. सदरलँडना १९८८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

प्रकाशपेनाची अडचण मात्र अगदी शारीरिक होती. पडदा उभा असल्याने हात हवेत धरावा लागे आणि थोड्याच वेळात खांदा भरून येई. उभ्या टचस्क्रीनवर आजही हीच तक्रार असते.

१९६४ साली कॅलिफोर्नियातल्या रँड संस्थेत डेव्हिस आणि एलिस या दोघांनी लिहिण्याची पाटी टेबलावर आडवी केली. रँड टॅबलेट साधारण दहा इंच लांब-रुंद होता. पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक रेषांचे जाळे होते, इंचाला शंभर. प्रत्येक रेषेतून विजेच्या ठोक्यांचा वेगळा संकेत जाई. पेनाचे टोक ज्या रेषांवर असे त्यांचा संकेत ते टिपे आणि यंत्राला जागा कळे. अशा दहा लाखांहून अधिक जागा त्या पाटीवर होत्या. संकेतासाठी ‘ग्रे कोड’ वापरला होता. त्यात शेजारशेजारच्या दोन जागांच्या संकेतांत फक्त एका अंकाचा फरक असतो, म्हणून पेन दोन रेषांच्या मध्ये आला तरी चूक झाली तर एका घराचीच होते. (हा ग्रे म्हणजे बेल प्रयोगशाळेतले फ्रँक ग्रे, टेलऑटोग्राफवाल्या ग्रेशी त्यांचा संबंध लावू नये.) रँडच्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली: हात खाली टेबलावर आणि नजर वर पडद्यावर, या विभागणीला माणसे फार लवकर सरावतात. आज बिनस्क्रीनचा टॅबलेट घ्यायला कचरणाऱ्यांना हे सांगण्यासारखे आहे.

या सगळ्या पेनांना शेपटीसारखी वायर होती. ती तोडण्याचे श्रेय जपानच्या सायतामा प्रांतात १९८३ साली स्थापन झालेल्या वॅकॉमकडे जाते. पुढच्याच वर्षी कंपनीने बिनवायरीचा पेन असलेला टॅबलेट आणला. त्यामागचे तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवले होते: बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे धरले की त्यात वीज निर्माण होते.

टॅबलेटच्या पृष्ठभागाखाली आडव्या-उभ्या वेटोळ्यांची रांग असते. एकेका वेटोळ्यात क्षणभर वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह सोडला जातो, सेकंदाला काही लाख आवर्तनांचा. पेनातले वेटोळे आणि कपॅसिटर याच आवर्तनाला जुळवलेले असतात. सतारीवर वरची तार छेडली की तिच्या सुरात लावलेली खालची तरफेची तार, बोट न लागताच, थरारते. तसा पेन थरारतो. यालाच अनुनाद म्हणतात. मग टॅबलेट गप्प होतो आणि तेच वेटोळे आता ऐकू लागते. पेनात साठलेली ऊर्जा विरत असताना पेनाचे क्षेत्र वेटोळ्यांत उलट वीज उठवते. जे वेटोळे सगळ्यात जोरात ऐकते त्याच्या आसपास पेन आहे. बोलणे आणि ऐकणे यांची ही अदलाबदल इतक्या वेगाने चालते की हाताला पत्ता लागत नाही.

यातली खरी करामत पुढे आहे. दोन वेटोळ्यांमधले अंतर काही मिलिमीटर असते, मग मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका बारकावा येतो कुठून? शेजारच्या तीन-चार वेटोळ्यांना किती किती ऐकू आले याची तुलना करून मधली जागा गणिताने काढली जाते. पेन तिरपा धरला की त्याचे क्षेत्र एका बाजूला झुकते, डावी-उजवीकडची वेटोळी विषम ऐकतात, आणि त्यावरून कल काढता येतो. टोक दाबले की पेनातला सूर किंचित बदलतो. त्या बदलातून दाब कळतो. बाजूचे बटण दाबले तरी सूरच बदलतो, वेगळ्या मापाने. पेन जे काही सांगतो ते एका कंपनातून सांगतो, आणि ते कंपनही त्याने टॅबलेटकडून उसने घेतलेले असते. डिझाइनच्या कोर्समध्ये एवढे तरी समजावून सांगावे असे मला नेहमी वाटते. मुले वर्षानुवर्षे हा पेन वापरतात आणि त्याला सेल का लागत नाही हे त्यांना ठाऊक नसते.

वॅकॉमची मूळ पेटंटे संपल्यावर ह्युऑन, एक्सपी-पेन अशा कंपन्यांनीही बिनसेलचे पेन काढले आणि किमती झपाट्याने उतरल्या. त्याआधी त्यांच्या पेनांत सेल असे. सॅमसंगच्या २०११ च्या गॅलेक्सी नोटमधला एस-पेनही याच अनुनादाच्या तत्त्वावर चालतो. या कुळाचा एक दोष लक्षात ठेवावा: चुंबक जवळ आला की ऐकण्यात गडबड होते. चुंबकाच्या झाकणाचे कव्हर लावलेल्या टॅबलेटवर ठरावीक पट्ट्यात रेघ वाकडी येत असेल, तर पेन बदलण्याआधी कव्हर काढून पाहावे.

दुसरे कूळ आहे स्थिरविद्युतीय पेनांचे. फोनच्या काचेवर पारदर्शक विद्युतवाहक जाळे असते. बोट वाहक असल्याने त्या जागचा विद्युतभार बदलतो आणि स्पर्श कळतो. रस्त्यावर शंभर रुपयांत मिळणारा रबरी बोंडाचा पेन फक्त बोटाची नक्कल करतो. त्याचे टोक जाड असावेच लागते, कारण बारीक टोकाचा स्पर्श काचेला जाणवत नाही. डिझाइनच्या कामासाठी तो विसरून जावा. खरा ‘अॅक्टिव्ह’ पेन स्वतः बोलतो: त्यात बॅटरी असते, टोकातून तो संकेत सोडतो आणि काचेवरचे जाळे तो ऐकते. अॅपल पेन्सिल आणि मायक्रोसॉफ्टच्या सरफेसचा पेन या घराण्यातले. सरफेसच्या पहिल्या पिढ्यांत वॅकॉमचे तंत्र होते. २०१४ च्या सरफेस प्रो ३ पासून मायक्रोसॉफ्टने इस्राएलच्या एन-ट्रिगचे तंत्र घेतले आणि पुढच्या वर्षी ते विकतच घेतले.

अॅपलची कथा थोडी गमतीची आहे. २००७ मध्ये पहिला आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी स्टायलसची जाहीर खिल्ली उडवली होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये अॅपल पेन्सिल बाजारात आली. विसंगती मात्र वाटते तेवढी नाही. जॉब्स बोलत होते ते फोनची बटणे दाबण्यासाठीच्या काडीबद्दल, आणि पेन्सिल आली चित्र काढण्यासाठी. पेन्सिल काचेवर असली की आयपॅड सेकंदाला २४० वेळा तिचा माग घेई. तिच्या टोकातच कल ओळखणारे दोन संवेदक बसवले होते, म्हणून शिसपेन्सिल आडवी धरून छटा भरावी तसे करता येऊ लागले.

इथे वेळेचा प्रश्न येतो, आणि मला तो या विषयातला सगळ्यात सुरस भाग वाटतो. पेन पुढे सरकणे आणि रेघ पडद्यावर उमटणे यांत काही मिलिसेकंद जातातच: टिपायला, हिशेब करायला, रंगवायला, पडदा ताजा व्हायला. सराईत हात रेघ ओढताना सेकंदाला तीस सेंटिमीटर सहज जातो. विलंब १०० मिलिसेकंद असेल तर शाई टोकाच्या तीन सेंटिमीटर मागे राहील. २० मिलिसेकंद असेल तर सहा मिलिमीटर, ९ असेल तर तीनाहून थोडे कमी. २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक मिलिसेकंदाचा विलंब असलेला प्रायोगिक पडदा दाखवला होता. बोटाखालची खूण बोटाला चिकटल्यागत वाटेपर्यंत विलंब किती उतरवावा लागतो, हे त्यात डोळ्यांना दिसे. अॅपलने २०१७ मध्ये १२० हर्ट्झचा पडदा आणून आकडा २० वर आणला आणि २०१९ मध्ये ९ वर. या दुसऱ्या उडीत भाकिताचाही वाटा आहे. हात पुढच्या काही मिलिसेकंदांत कुठे असेल याचा सॉफ्टवेअर अंदाज बांधते आणि रेघेचा तो तुकडा आधीच काढून ठेवते. हात वेगळीकडे वळला तर तो तुकडा पुसून खरा काढते. कलाकार पाहतो त्या रेघेचे अगदी टोक काही क्षण त्याने काढलेलेच नसते.

बिनस्क्रीनच्या टॅबलेटवर हा विलंब कमी बोचतो, कारण पेनाचे टोक आणि रेघ एका ठिकाणी दिसतच नाहीत. मागे पडलेली रेघ मोजायला डोळ्यापाशी काही नसते. म्हणून फोटो सुधारण्याचे काम, मास्क करण्याचे काम, लोगोच्या प्राथमिक रेखाटनाचे काम साध्या, स्वस्त बिनस्क्रीनच्या टॅबलेटवर उत्तम होते. त्याला मानही खाली घालावी लागत नाही. मान, पाठ आणि पाकीट या तिघांचा विचार करता मी नव्या विद्यार्थ्याला आधी हाच घ्यायला सांगेन.

आता तो दाबाचा आकडा. ८१९२ म्हणजे २ चा तेरावा घात. दाब तेरा बिटांत नोंदवला जातो, इतकाच त्याचा अर्थ. समजा पेन चारशे ग्रॅमपर्यंतचा दाब मोजतो. मग एक पातळी म्हणजे सुमारे ०.०५ ग्रॅम. कोणत्याही माणसाच्या बोटांना एवढा फरक जाणूनबुजून करता येत नाही. वॅकॉमच्या २००९ च्या इंट्युओस ४ टॅबलेटमध्ये २०४८ पातळ्या होत्या आणि त्यावर उत्तम चित्रे निघाली. सरफेसच्या पेनात ४०९६ आहेत. आकडा दुप्पट केला म्हणून रेघ दुप्पट बोलकी होत नाही.

कामाची गोष्ट आहे दाबाची सुरुवात: रेघ उमटायला कमीत कमी किती भार लागतो. चांगल्या पेनाला एक-दोन ग्रॅम पुरतात. वाईट पेनाला दहा-पंधरा ग्रॅम लागतात, आणि मग पापण्यांचे केस, पाण्यावरची झुळूक, छायेची हलकी कड असे सगळे नाजूक काम हातातून निसटते. तास-दोन तासांनी अंगठाही दुखू लागतो. हे तपासायला महागडे यंत्र नको. पेन दोन बोटांत अगदी सैल धरून, त्याच्या स्वतःच्याच वजनाने सरकू द्यावा. अखंड रेघ आली तर पेन चांगला. चिकित्सक लोक टॅबलेट स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ठेवून पेनाने हळूहळू दाबतात आणि पहिली रेघ उमटताच आकडा वाचतात. दुसऱ्या टोकालाही असाच प्रश्न असतो: किती दाबल्यावर जाडी वाढणे थांबते? काही पेन लवकरच ‘भरतात’ आणि त्यापुढे जोर लावला तरी रेघ ढिम्म राहते. मधला भाग सॉफ्टवेअरमधल्या दाबाच्या वक्राने आपल्या हाताप्रमाणे बसवता येतो. सुरुवात आणि शेवट यांवर तो इलाज चालत नाही.

दुसरी चाचणी याहून निर्दय आहे. एक पट्टी टॅबलेटवर तिरपी ठेवावी आणि तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढावी. वेगात ओढलेली रेघ कुठलाही पेन सरळ दाखवतो. सावकाश रेघेत मात्र दोन वेटोळ्यांमधली, किंवा काचेवरच्या जाळ्याच्या दोन रेषांमधली, जागा काढण्याचे गणित उघडे पडते. कच्च्या यंत्रावर रेघ ठरावीक अंतराने लाटेसारखी हलते. सरफेसच्या पेनाबद्दल चित्रकारांची हीच जुनी तक्रार होती. ही लाट लपवायला काही कंपन्या रेघ आपोआप गुळगुळीत करतात, पण गुळगुळीत करायला पुढचे बिंदू येईपर्यंत थांबावे लागते, म्हणजे विलंब वाढतो. टॅबलेटच्या चारही कोपऱ्यांतही एकेक रेघ ओढावी. कडेला वेटोळी एकाच बाजूला उरतात, म्हणून तिथे अचूकता बऱ्याचदा ढासळते.

एवढे सगळे चित्रकाराला लागू आहे. अक्षराचे काम करणाऱ्याचा हिशेब बदलतो, आणि देवनागरी अक्षराचे काम करणाऱ्याचा तर आणखीच.

युरोपातल्या रुंद टोकाच्या लेखणीची धार रोमन अक्षर लिहिताना डावीकडे खाली आणि उजवीकडे वर अशी असते. देवनागरीचा बोरू उलट छाटलेला असतो. त्याची धार डावीकडे वर आणि उजवीकडे खाली अशी पडते. या धारेच्या दिशेने गेलेली रेघ बारीक येते आणि तिला आडवी जाणारी जाड. धार ४५ अंशांवर ठेवली की आडवी शिरोरेषा आणि उभा काना दोन्ही सारख्याच जाडीचे येतात, टोकाच्या रुंदीच्या सुमारे सात-दशांश. देवनागरीचा ठाशीवपणा इथून येतो. यात दाबाचा वाटा जवळजवळ शून्य आहे. बोरू लवत नाही. जोर लावला तर फाटतो. दाबाने जाडी बदलते ती लवचीक पोलादी निबच्या टाकाने, आणि इंग्रजी वळणदार लिपीचे सारे सौंदर्य त्या टाकावर उभे आहे.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ब्रश उघडला की जाडी दाबाला जोडलेली असते. म्हणजे ते आपल्या हाती टाक देते, आणि आपण त्याने बोरूचा कित्ता गिरवायला बसतो. अक्षर मग मध्येच फुगते, टोकाला उगाच निमुळते होते, आणि लिहिणाऱ्याला वाटते की आपलाच हात बिघडला. उपाय साधा आहे: ब्रश चपटा करायचा, दाबाचा जाडीशी संबंध तोडायचा आणि धारेचा कोन १३५ अंशांना बांधायचा. एवढे केले तर दोन हजारांचा पेनही बोरूसारखी रेघ देतो. मोडीचा सराव करणाऱ्यांनी आणखी एक करावे, रेघ गुळगुळीत करणारा ‘स्टॅबिलायझर’ उतरवावा. मोडीत हात शक्यतो न उचलता जातो, वळणे लहान आणि घट्ट असतात, आणि स्टॅबिलायझर नेमकी तीच चपटी करतो.

बांधलेल्या कोनाची मर्यादा सुलेखनकाराला लगेच जाणवते. अच्युत पालव यांच्यासारखा सुलेखनकार लिहिताना पाहिला तर लेखणी बोटांत सतत किंचित फिरत असते. वळणात शिरताना, रेघ संपवताना धार बदलते. हे फिरणे टिपायचे तर पेनाला स्वतःभोवतीचे वळण कळायला हवे, आणि बहुतेक पेन, आठ हजार पातळ्यांचे असोत की सोळा हजारांचे, या बाबतीत ठार आंधळे आहेत. कल ओळखणाऱ्या पेनाने मनगट झुकवून कोन थोडाफार बदलता येतो, पण ती तडजोड आहे. वळण ओळखणारा ‘आर्ट पेन’ वॅकॉमने व्यावसायिक टॅबलेटांसाठी वेगळा विकला. २०२४ च्या मे महिन्यात आलेल्या अॅपल पेन्सिल प्रोमध्ये जायरोस्कोप आहे. पेन बोटांत फिरवला की ब्रशची धार फिरते, आणि टोक टेकण्याआधी धारेची सावली पडद्यावर दिसते. गोल टोकाच्या पेनाला धार कुठे आहे हे डोळ्याला कळणार नव्हते, ते या सावलीने कळते. देवनागरी सुलेखनासाठी पैसे खर्च करायचेच असतील तर ते या एका गुणावर करावेत असे माझे ठाम मत आहे.

पैसे देण्यापूर्वी जोडी जुळते का ते मात्र पाहावेच लागते, आणि हा भाग कंपन्यांनी विनाकारण किचकट केला आहे. अॅपलच्या चार प्रकारच्या पेन्सिली आहेत आणि प्रत्येक आयपॅडला प्रत्येक चालत नाही. पेन्सिल प्रो २०१८ ते २०२२ च्या आयपॅड प्रोवर चालत नाही. दुसऱ्या पिढीची पेन्सिल २०२४ च्या आयपॅड प्रोवर चालत नाही. २०२३ ची स्वस्त यूएसबी-सी पेन्सिल कल ओळखते, दाब अजिबात ओळखत नाही. नोट्स काढायला ती छान. चित्राला घेतली तर पस्तावाल. बाजारातल्या ‘आयपॅडसाठी’ म्हणून मिळणाऱ्या हजार-दोन हजारांच्या बहुतेक पेनांचे तसेच आहे. त्या मानाने अनुनादी कुळात शेजारधर्म बरा आहे. सॅमसंगचा टॅबलेट, किंडल स्क्राइब आणि पहिले दोन रिमार्केबल यांचे पेन बऱ्याच अंशी एकमेकांवर चालतात. स्टेडलरने तर पिवळ्या-काळ्या शिसपेन्सिलीच्या रूपातही असा पेन काढला आहे. वॅकॉमच्या व्यावसायिक टॅबलेटांचे पेन मात्र या गोतावळ्यात बसत नाहीत.

उरले टोक आणि पकड. टोके झिजतात, आणि काचेवर कागदासारखी खरखरीत फिल्म लावली तर फारच लवकर झिजतात. एका बाजूने छिन्नीसारखे झिजलेले टोक काचेला चरे पाडते, म्हणून ते दिसताच बदलावे. सुटी टोके इथे सहज मिळतात का हे पेन घेतानाच विचारावे. तासन्‌तास काम असेल तर जाड, रबरी पकडीचा पेन सडपातळ, चकचकीत पेनाहून बोटांना सोसतो. बाजूचे बटण अंगठ्याखाली चुकून दाबले जाते का, तेही दुकानातच पाहून घ्यावे.

अक्षराच्या कामाची एक शाखा मात्र अशी आहे की तिथे पेनाचा फारसा उपयोग नाही. र. कृ. जोशी यांनी घडवलेला आणि विंडोजबरोबर घरोघरी गेलेला ‘मंगल’ असो, की मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ असोत, फॉन्टमधले अक्षर शेवटी साठवले जाते ते बाह्यरेषेच्या रूपात. ही रेषा काढण्याचे गणित १९६० च्या आसपास फ्रान्समध्ये मोटारींचे पत्रे आखण्यासाठी तयार झाले. रेनोचे पिएर बेझिए आणि सित्रोएनचे पॉल द कास्तेल्जो यांनी ते स्वतंत्रपणे मांडले. वक्रावर मोजके बिंदू ठेवायचे, प्रत्येकाला दोन दांडे जोडायचे, आणि दांडे खेचून वक्र घडवायचा. पेनाने किंवा बोरूने काढलेले मूळ अक्षर खाली फिकट ठेवून त्यावर हे बिंदू बसवले जातात. हे काम करणारे बरेच जण त्या वेळी पेन बाजूला ठेवतात आणि माऊस घेतात, किंवा कीबोर्डवरच्या बाणांच्या कळा. बिंदू एकाच एककाने डावीकडे सरकवायचा असेल तर कळ एकदा दाबली की काम होते.